फुग्याचा वायुभारमापक नेमकं काय मोजतो?

विज्ञान प्रदर्शनात वायुभारमापकाचा, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या साधनाचा, हा प्रयोग हमखास दिसतो. काचेच्या बरणीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधायचं, मधोमध स्ट्रॉचं एक टोक चिकटवायचं, मोकळ्या टोकामागे पट्टी उभी करायची. ते टोक खाली गेलं की दाब कमी झाला, म्हणजे पाऊस येणार, असं मुलं धडाधड सांगतात. टोक हलतं हे खरं, पण बहुतेक वेळा ते तापमानामुळे हलतं.

बरणीत कोंडलेली हवा तापली की प्रसरण पावते, रबर फुगतं, चिकटवलेलं टोक वर उचललं जातं आणि बरणीच्या काठावर टेकलेल्या स्ट्रॉचं मोकळं टोक खाली झुकतं. खोलीत २७ अंशांच्या आसपास तापमान असताना ही हवा फक्त १ अंशाने तापली, तरी बाहेरचा दाब सुमारे ३.३ हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) घटल्याइतका परिणाम होतो. आणि महाराष्ट्रात एरवी दिवसभरात खरा दाब बदलतो तोच मुळी साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कल! सकाळी दहाच्या सुमारास तो जास्त असतो, दुपारी चारच्या सुमारास कमी. उलट सर येऊन हवा गार झाली, तर टोक वर चढतं आणि ऐन पावसात ‘हवा कोरडी’ असं सांगतं.

खात्री करायची तर दोन्ही तळहात बरणीला मिनिटभर लावून धरा. टोक खाली येताना दिसेल.

प्रयोग टाकून देऊ नका, मुलांना ही गोष्टही शिकवा. बरणीऐवजी थर्मास घ्या, शेजारी तापमापक ठेवा आणि तापमान सारखं असलेल्याच नोंदींची तुलना करा. रबरातून हवा हळूहळू झिरपते, म्हणून फुगा अधूनमधून बदला.