ग्लॉकस (ग्रीक पुराणकथा)

ग्लॉकस हे ग्रीक पुराणकथांतील अनेक दुय्यम व्यक्तींचे नाव. ग्रीक उच्चार ‘ग्लाउकॉस’. अर्थ चकाकता, निळसर-करडा. नुसत्या नावावरून माणूस ओळखू येत नाही. बाप आणि गाव, दोन्ही पाहावे लागतात.

सर्वांत सहज गल्लत होते ती पणजोबा-पणतूंची. थोरला ग्लॉकस सिसिफसचा मुलगा, बेलेरोफॉनचा बाप. बिओशियातील पॉट्निआय येथे त्याच्या घोड्या असत. पेलिअसच्या अंत्यक्रीडांत रथशर्यतीच्या वेळी त्याच घोड्यांनी त्याला फाडून खाल्ले. रोमन कवी व्हर्जिल याला प्रेमदेवता व्हीनसचा कोप मानतो, तर दुसऱ्या कथेत त्यानेच त्यांना नरमांसाची चटक लावलेली असते. इस्थमसच्या (कॉरिंथजवळची संयोगभूमी) शर्यतीत घोडे बुजले, की त्याचे भूत आडवे आले असे म्हणत.

धाकटा ग्लॉकस हिपोलोकसचा मुलगा, ट्रोजन युद्धातील लिशियन (आशिया मायनरमधील लिशियाचा) सरदार. ‘इलियड’च्या सहाव्या सर्गात शत्रुपक्षाच्या डायोमिडीजशी आजोबांच्या काळचा ऋणानुबंध निघतो आणि दोघे न लढता चिलखते बदलतात. ग्लॉकसने सोन्याचे देऊन काशाचे घेतले. म्हणजे 100 बैलांचा माल 9 बैलांना. हा व्यवहार ग्रीकांत म्हणीसारखा झाला.

तिसरा मिनोसचा मुलगा, क्रीटचा. उंदरामागे धावताना (काही हस्तलिखितांत माशीमागे; ग्रीकमध्ये हे शब्द जवळचे) तो मधाच्या रांजणात पडून मेला. द्रष्टा पॉलिइडस याने प्रेत शोधले, तेव्हा मिनोसने त्याला प्रेतासह कोंडले. तेथे आलेला एक साप त्याने मारला; दुसऱ्या सापाने वनस्पती आणून त्याला जिवंत केले. तीच वनस्पती वापरताच मुलगा उठला. पुढे राजाने भविष्यविद्याही शिकवायला लावली. पॉलिइडसने ती शिकवली, पण निघताना शिष्याला गुरूच्या तोंडात थुंकायला सांगितले आणि शिष्य सगळे विसरला.

चौथा अँथेडॉनचा कोळी. जाळ्यातले मासे गवतावर पडताच जिवंत होऊन पाण्यात उड्या मारताना त्याने पाहिले, ते गवत स्वतः चाखले आणि तो सागरदेव झाला.

ग्रीक नाटककार एस्किलसने दोन ग्लॉकसांवर स्वतंत्र नाटके लिहिली: ‘ग्लाउकॉस पॉट्निएउस’ (पॉट्निआयचा) आणि ‘ग्लाउकॉस पोंटिऑस’ (समुद्रातला). दोन्ही आज तुकड्यांतच उरली आहेत. प्राचीन लेखक उतारा देताना कित्येकदा नुसतेच ‘ग्लाउकॉस’ लिहितात, त्यामुळे काही तुकडे कोणत्या नाटकाचे यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. घोड्यांचा उल्लेख असेल तर पहिले, मासे-शिंपले असतील तर दुसरे, इतपतच सोय.