गोंदण आणि वयाची अट (कोकण किनारपट्टी)

अंगावर गोंदवून घेण्यासाठी किमान वय किती असावे, हे ठरवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही. अलिबागपासून मालवणपर्यंतच्या टॅटू स्टुडिओंत आधार कार्ड पाहून अठराची अट लावली जाते, तिचा आधार दुसऱ्याच कायद्यांत आहे. १८७५ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाली की माणूस सज्ञान होतो, आणि १८७२ च्या करार कायद्याखाली अज्ञान म्हणजे अठराखालच्या व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल ठरतो. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाने संमतिपत्रावर केलेल्या सहीला काही वजन नाही.

फौजदारी बाजू अधिक महत्त्वाची आहे. सुई टोचणे म्हणजे इजा करणेच. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २५ अशा किरकोळ इजेबद्दल टोचणाऱ्याला संरक्षण देते, पण ज्याला टोचले तो अठराच्या वरचा असेल आणि त्याची संमती असेल तरच. बारा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत कलम २७ पालकांची संमती मानते. मात्र ती कृती सद्भावनेने आणि मुलाच्या भल्यासाठी केलेली हवी. हौसेचे गोंदण त्यात बसवणे अवघड आहे. बारा ते अठरा या वयातल्या मुलांबद्दल तर स्पष्ट शब्द कुठेच नाही, आणि टॅटूची हौस नेमकी त्याच वयात असते. ग्रेट ब्रिटनने १९६९ मध्येच स्वतंत्र कायदा करून अठराखालच्यांना गोंदायला बंदी घातली. तिथे आईबापांची परवानगीही चालत नाही. आपल्याकडेही असाच सरळ नियम हवा.

कोकणात गोंदण नवे नाही. कुणबी, कोळी, ठाकर, कातकरी घरांतल्या म्हाताऱ्यांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि मनगटावर हिरवट ठिपके, तुळस, विंचू अजून दिसतात. हे गोंदण बहुधा लग्नाआधी, लहानपणीच होई. दिव्याची काजळी पाल्याच्या रसात कालवायची, दोन-तीन सुया एकत्र बांधून टोचायच्या, रडणाऱ्या पोरीचे हात घरच्या बायकांनी धरून ठेवायचे, आणि सुजेवर हळद लावायची. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे वर सोबत येते, ही त्यामागची श्रद्धा. त्या श्रद्धेचा मान ठेवूनही एक गोष्ट सांगायलाच हवी, की त्यात मुलीला कोणी विचारत नसे.

आज वय विचारले जात नाही ते मुख्यतः जत्रांत. बॅटरीवरचे मशीन, नक्ष्यांचा तक्ता, शाईची एकच वाटी आणि अनेकदा न बदललेली सुई, एवढ्यावर हा धंदा चालतो. अशा सुईतून कावीळ ब, क आणि एचआयव्ही पसरू शकतात. ताजे गोंदण घेऊन समुद्रात उतरणेही धोक्याचे असते, कारण जखम भरेपर्यंत जंतुसंसर्ग होऊ शकतो. गोंदवल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही.

कोकणातल्या मुलांना सर्वांत जड जाते ती सैन्यभरतीची अट. लष्करात कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि पंजाची पाठ एवढ्याच जागी कायमचे गोंदण चालते. आदिवासी उमेदवारांना रूढीनुसार सवलत मिळते. अग्निवीर भरती साडेसतराव्या वर्षी खुली होते, म्हणजे मानेवर किंवा दंडावर नाव गोंदवलेला मुलगा सज्ञान होण्याआधीच अपात्र ठरू शकतो.