बाळाला उत्तर देणारं माणूस लागतं

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. घरात फक्त इंग्रजी कानावर पडणारी ९ महिन्यांची बाळं त्यांनी निवडली. मँडरिन (चिनी भाषा) मातृभाषा असलेली माणसं या बाळांसमोर जमिनीवर बसून पुस्तकं वाचत, खेळणी दाखवत, त्यांच्याशी मँडरिनमध्ये बोलत. अशा २५ मिनिटांच्या १२ बैठका झाल्या. परक्या भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखण्याची बाळांची क्षमता या वयात ओसरू लागते. पण १२ बैठकांनंतर ही अमेरिकी बाळं मँडरिनमधले ध्वनी, तीच भाषा ऐकत वाढणाऱ्या तैवानमधल्या बाळांच्या तोडीने ओळखू लागली.

आणखी काही बाळांना तीच माणसं आणि तीच पुस्तकं तेवढाच वेळ दाखवली, पण टीव्हीच्या पडद्यावर. ही बाळं काहीच शिकली नाहीत. मँडरिन कधीच न ऐकलेल्या बाळांत आणि त्यांच्यात फरक सापडला नाही.

‘मोबाइलवर तो एबीसीडी शिकतोय, गाणी ऐकतोय, वाईट काय त्यात?’ असं विचारणाऱ्या प्रत्येक आईबाबांपर्यंत हा प्रयोग पोहोचायला हवा. दोन-अडीच वर्षांखालची मुलं पडद्यावरून फार कमी शिकतात आणि तीच गोष्ट समोरच्या माणसाकडून सहज शिकतात. संशोधकांनी हे वारंवार पाहिलं आहे. एका प्रयोगात शेजारच्या खोलीत खेळणं कुठे लपवलं जातंय, हे दोन वर्षांच्या मुलांना व्हिडिओवर दाखवलं. नंतर त्या खोलीत सोडल्यावर बहुतेकांना ते शोधता आलं नाही. तोच प्रकार खिडकीतून पाहिलेली मुलं मात्र थेट खेळण्यापाशी गेली. मूल पडद्याकडे एकटक बघत असतं म्हणून ते समजतंय असं आपण धरून चालतो. रंग, हालचाल आणि आवाज त्याला खिळवून ठेवतात, पण पडद्यावरचं जग आणि आपल्या पायाखालचं जग यांचा धागा जुळायला अजून वेळ असतो.

पडद्यापाशी नेमकं काय कमी पडतं? बाळ ‘ब्बा’ म्हणतं, आजी त्याच्याकडे बघून ‘बाबा हवेत का रे तुला?’ म्हणते, बाळ हात उडवतं, आजी हसते. बाळाने केलेल्या गोष्टीला, त्याच क्षणी, त्याच्यासाठीच उत्तर मिळालं. दिवसभरात अशी शेकडो उत्तरं मिळत जातात आणि त्यातूनच भाषेची वीण घट्ट होते. व्हिडिओ बाळासाठी थांबत नाही, ते कुठे बघतंय हे त्याला कळत नाही. म्हणूनच व्हिडिओ कॉलची गोष्ट वेगळी आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या माणसाकडून नवी क्रियापदं शिकली, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून मात्र नाही. नातू न्यू जर्सीत आणि आजी साताऱ्यात असेल, तर तो कॉल बिनधास्त करावा.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, कारण ते न घडलेल्या गोष्टींचं असतं. ऑस्ट्रेलियात २२० कुटुंबांतल्या मुलांच्या अंगावर छोटं ध्वनिमुद्रण यंत्र बसवून घरातलं बोलणं मोजलं गेलं. तीन वर्षांच्या वयात स्क्रीनच्या दर जादा मिनिटामागे मुलाच्या कानावर मोठ्यांचे सुमारे ७ शब्द कमी पडत होते, आणि मुलाचं स्वतःचं बोलणं व परस्परांतला संवादही घटत होता. अशा अभ्यासातून नुसता संबंध दिसतो, स्क्रीनमुळेच असं घडतं हे सिद्ध होत नाही, हे खरं. दमलेल्या, कमी बोलणाऱ्या घरात स्क्रीन मुळातच जास्त असू शकते. पण मिनिटं तीच आहेत. ती पडद्याकडे गेली की काऊ-चिऊच्या घासाच्या गप्पांना उरत नाहीत. नुसता मागे चालू असलेला टीव्हीसुद्धा मुलाचा खेळ मोडतो. एका वर्षाची मुलं त्याच्याकडे फारसं बघत नाहीत, तरी एकेका खेळण्याशी ती कमी वेळ रमतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे: दोन वर्षांखाली स्क्रीन नाही, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल.

हा आकडा आईच्या डोक्यावर मारून मोकळं होणं मला पटत नाही. दोघं कामाला, घर एका खोलीचं, खाली रस्त्यावर गाड्या, मदतीला कुणी नाही आणि कुकर लावायचाय. अशा वेळी हातात मोबाइल देणारी आई निष्काळजी नसते. तिला पाळणाघर हवं, चालत जाता येईल असं मैदान हवं, घरातल्या पुरुषांनी मूल सांभाळायला हवं. तोवर कणीक मळताना गोळा मुलाच्या हातात देऊन बोलत राहिलं, तरी ते बोलणं त्याच्या कामी येतं.

मुलाच्या हातातल्या फोनची एवढी चर्चा होते, तेवढीच मोठ्यांच्या हातातल्या फोनची व्हायला हवी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३८ आयांनी आपल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवले. एक शब्द शिकवताना मध्येच फोन वाजवला गेला, दुसऱ्याच्या वेळी नाही. दोन्ही शब्द मुलांनी सारख्याच वेळा ऐकले होते. फोनने तुटलेला शब्द ती शिकली नाहीत, दुसरा शिकली.