मतदारसंघ वार्तापत्र (अमेरिकेतील राज्य विधिमंडळे)

अमेरिकेतील राज्य विधिमंडळाचे सदस्य आपल्या मतदारसंघातील रहिवाशांना ठरावीक काळाने जे माहितीपत्रक पाठवतात, त्याला मतदारसंघ वार्तापत्र म्हणता येईल. विधिमंडळात कोणते विधेयक आले, कोणते समितीत अडले, कशावर मतदान झाले, हा त्याचा एक भाग. दुसरा भाग सेवांचा असतो. घरपट्टीच्या परताव्याचा अर्ज कधीपर्यंत करायचा, हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी मदत कोणाला मिळते, वाहन परवान्याचे काम कुठे होते, ज्येष्ठांसाठी मेळावा कोणत्या दिवशी आहे, अशी माहिती त्यात येते. काही सदस्य ते छापून टपालाने पाठवतात, बहुतेक आता ईमेलने. या सदस्यांना मराठीत सोयीने ‘आमदार’ म्हणायला हरकत नाही. या नोंदीत तोच शब्द वापरला आहे.

कोण कोणाला लिहितो

अमेरिकेच्या ५० राज्यांत मिळून विधिमंडळांची ९९ सभागृहे आहेत. नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात दोन. नेब्रास्काने १९३७पासून एकच सभागृह ठेवले आहे. या सर्व सभागृहांत मिळून ७,३८६ आमदार बसतात. पण ‘अमेरिकेतील आमदार’ असा एक साचा डोळ्यांसमोर आणला तर फसगत होते. न्यू हॅम्पशायरच्या कनिष्ठ सभागृहात ४०० सदस्य आहेत, म्हणजे एका सदस्यामागे जेमतेम ३,४०० रहिवासी. त्यांचे मानधन वर्षाला १०० डॉलर, आणि ते १८८९पासून बदललेले नाही. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियाच्या सिनेटचे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे, ४० सदस्य. त्यांतील प्रत्येकाचा मतदारसंघ जवळपास दहा लाख लोकसंख्येचा, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेतील कनिष्ठ सभागृहाच्या मतदारसंघापेक्षाही मोठा असतो. टेक्सासचे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच, विषम वर्षी, जास्तीत जास्त १४० दिवसांच्या नियमित अधिवेशनासाठी भरते आणि तिथल्या आमदाराचा पगार वर्षाला ७,२०० डॉलर आहे. न्यूयॉर्कमध्ये तोच २०२३पासून १,४२,००० डॉलर आहे.

वार्तापत्राचे रूप या आकड्यांतून ठरते. न्यू हॅम्पशायरच्या आमदाराला स्वतःचे कार्यालय नसते, हाताखाली माणूसही नसतो. त्याचे पत्र त्यानेच, आपले नेहमीचे काम सांभाळून लिहिलेले असते आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला लिहावे तसे वाचले जाते. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात मतदारसंघात कार्यालय असते, पगारी कर्मचारी असतात, सभागृहाचा प्रसिद्धी विभाग असतो. तिथले पत्र नेटके, छायाचित्रांनी भरलेले असते, पण त्यात आमदाराचा आवाज कुठे आहे हे शोधावे लागते.

विधेयकांची बातमी

राज्य विधिमंडळाचा कारभार लोकांच्या रोजच्या जगण्याला केंद्र सरकारपेक्षा जास्त चिकटलेला आहे. शाळांचे अनुदान, राज्य रस्ते, वाहन परवाने, डॉक्टर-परिचारिकांपासून केशकर्तनकारांपर्यंतचे व्यवसाय परवाने, नगरपालिकांचे अधिकार, फौजदारी कायद्याचा बहुतांश भाग, हे सगळे राज्यांच्या हातात आहे. तरीही लोकांना आपल्या आमदाराचे नाव ठाऊक नसणे ही तिथली जुनी अडचण. अमेरिकेतील स्थानिक वृत्तपत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक २००५नंतर बंद पडली. प्यू संशोधन केंद्राने २०२२मध्ये मोजदाद केली तेव्हा सर्व ५० राज्यांच्या विधिमंडळांचे पूर्णवेळ वार्तांकन करणारे पत्रकार अवघे ८५० भरले. २०१४मध्ये ते ९०४ होते. बातमीदार उरला नाही तिथे आमदाराने स्वतः पाठवलेले पत्र हीच बातमी होऊन बसते. लिहिणारा स्वतःच बातमीचा विषय आहे, हे वाचकाने विसरू नये.

म्हणून विधेयकाच्या बातमीत क्रियापद नीट पाहावे लागते. ‘विधेयक मांडले’, ‘समितीने संमत केले’, ‘सभागृहात मंजूर झाले’ आणि ‘कायदा झाला’ या चार अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पेनसिल्व्हेनियाचे उदाहरण घेऊ. तिथे विधेयक मांडण्याआधी आमदार सहकाऱ्यांना टिपण पाठवून सहप्रायोजक गोळा करतो. मग विधेयक समितीकडे जाते आणि बहुतेक विधेयकांचा प्रवास तिथेच थांबतो. पुढे गेलेच तर राज्यघटनेनुसार प्रत्येक सभागृहाने ते तीन वेगवेगळ्या दिवशी विचारात घ्यावे लागते. दोन्ही सभागृहांतून निघाल्यावर गव्हर्नरची (राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाची) सही, किंवा नकाराधिकार, किंवा ठरलेल्या मुदतीत दोन्हींपैकी काहीच न झाल्यास सहीविना कायदा. दोन वर्षांचे सत्र संपले की अपुरी राहिलेली विधेयके बाद होतात, पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागतात. वार्तापत्रात ‘मी अमुक विधेयक आणले आहे’ हे वाक्य ठळक असते; ते समितीतून कधी बाहेर पडेल याबद्दल पुढच्या अंकांत शांतता असते. चांगला आमदार विधेयकाचा क्रमांक देतो, सध्या ते कुठे आहे ते सांगतो, आणि हरलेल्या विधेयकाबद्दलही लिहितो.

मराठी वाचकाला एक फरक इथे लक्षात ठेवावा लागेल. भारतात १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मतदान करणाऱ्या आमदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. अमेरिकेत तशी तरतूद नाही. पक्षाचा दबाव असतो, पण मत आमदाराचे स्वतःचे असते आणि त्याचा जाबही त्यालाच द्यावा लागतो. ‘मी या विधेयकाच्या विरोधात मत दिले, कारण...’ हे वाक्य त्यामुळेच तिथल्या पत्रात येऊ शकते. माझ्या मते वार्तापत्रातील सर्वांत मोलाचा मजकूर हाच, आणि तोच सर्वांत कमी आढळतो.

अर्थसंकल्पाच्या दिवसांत पत्रे वाढतात. ४६ राज्यांचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. न्यूयॉर्कचे १ एप्रिलला, टेक्सासचे १ सप्टेंबरला, अलाबामा आणि मिशिगनचे १ ऑक्टोबरला. पेनसिल्व्हेनियात २०१५-१६चा अर्थसंकल्प सुमारे नऊ महिने रखडला आणि मार्च २०१६मध्ये गव्हर्नरच्या सहीविनाच अमलात आला. अशा वेळी शाळांचे आणि सेवाभावी संस्थांचे पैसे अडकतात. कोणती सेवा चालू आहे आणि कोणती थांबली, एवढे साधे कळवणेसुद्धा तेव्हा मोठे काम ठरते.

सेवांचे पान

वार्तापत्राचे खरे वजन मागच्या पानावर असते. पुढच्या पानावर भाषण, मागच्या पानावर तारखा. फ्रीजवर चिकटवून ठेवले जाते ते मागचे पान.

पेनसिल्व्हेनियाचा घरपट्टी आणि भाडे परतावा हा याचा उत्तम नमुना आहे. ६५ आणि त्याहून अधिक वयाचे नागरिक, ५० वर्षांवरील विधवा-विधुर आणि १८ वर्षांवरील अपंग व्यक्ती यांना आधीच्या वर्षी भरलेल्या घरपट्टीचा किंवा घरभाड्याचा काही भाग राज्य परत करते. योजना १९७१ची. पैसा येतो राज्याच्या लॉटरीतून आणि जुगारावरील महसुलातून. लॉटरीचे सर्व उत्पन्न ज्येष्ठांच्या योजनांसाठी राखून ठेवणारे हे अमेरिकेतील एकमेव राज्य आहे. २०२३च्या कायदा क्रमांक ७ने कमाल परतावा ६५० डॉलरवरून १,००० डॉलरवर नेला. उत्पन्नाची मर्यादा घरमालकांना ३५,००० आणि भाडेकरूंना अवघी १५,००० डॉलर होती. ती दोघांनाही ४५,००० करून महागाईशी जोडली. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना या एका बदलाने पहिल्यांदा दार उघडले. पण कायदा मंजूर झाला म्हणून पैसे घरी येत नाहीत. अर्ज भरावा लागतो, उत्पन्नाचे कागद जोडावे लागतात, मुदत पाळावी लागते. ते सगळे आमदाराच्या कार्यालयात मोफत करून मिळते. आपण आता पात्र झालो आहोत, ही खबर मात्र आधी पोचावी लागते, आणि ती पोचवणारे पत्र म्हणजे हे वार्तापत्र. तिथे सुमारे ६४ हजार लोकांमागे कनिष्ठ सभागृहाचा एक आमदार आहे. कार्यालयातील दोन-चार कर्मचारी वर्षातले अनेक आठवडे याच अर्जांत घालवतात.

बेवारस राहिलेल्या रकमांचेही असेच. जुने बँक खाते, न वटवलेला पगाराचा धनादेश, विम्याची राहून गेलेली रक्कम, असे पैसे ठरावीक काळानंतर राज्याच्या कोषागाराकडे जमा होतात. ‘तुमचे नाव यादीत आहे का पाहा’ ही सूचना वार्तापत्रांत वर्षानुवर्षे येत राहिली. पेनसिल्व्हेनियाने २०२४मध्ये कायदा करून एकाच मालकाच्या ५०० डॉलरपर्यंतच्या रकमा, पत्ता पडताळून, अर्जाशिवाय परत पाठवण्याची सोय केली. लोकांनी यादी पाहण्याची वाट न बघता राज्यानेच लोकांना शोधावे, हा विचार मला फार योग्य वाटतो.

याशिवाय घरगुती कागदपत्रे यंत्रात बारीक करून नष्ट करण्याचे शिबिर, लहान मुलांच्या गाडीतील आसनांची तपासणी, रक्तदान, फ्लूची लस, नोकरी मेळावा असे कार्यक्रम असतात.

आमदाराच्या अखत्यारीबाहेरचे कामही याच पानावर येते. विमान प्रवासाला लागणाऱ्या ‘रिअल आयडी’चा कायदा केंद्राने २००५मध्ये केला, त्याची अंमलबजावणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जाऊन अखेर ७ मे २०२५ला सुरू झाली. ते ओळखपत्र देतात मात्र राज्यांची परवाना कार्यालये, म्हणून चौकशीला लोक आमदाराकडेच येतात. हिवाळ्यातील इंधनखर्चाच्या मदतीचा पैसा केंद्राचा, वाटप राज्यांकडून. रस्त्यावरचा खड्डा राज्याच्या रस्त्यावर आहे की पालिकेच्या, हे खड्ड्यात चाक गेलेल्या माणसाला कसे कळणार? कोणते काम कोणाकडे न्यायचे एवढे नीट सांगणारा चौकटीतला मजकूर दिसायला किरकोळ असतो, पण माणसाच्या दोन खेपा वाचवतो.

सार्वजनिक पैसा आणि स्वतःचे नाव

लोकप्रतिनिधीने मतदारांना पत्र पाठवण्याची प्रथा अमेरिकेत प्रजासत्ताकाइतकीच जुनी आहे. १७८९पासूनच्या काही दशकांत संसदेचे सदस्य, विशेषतः दक्षिणेकडचे आणि पश्चिमेकडचे, अधिवेशनाच्या शेवटी छापील परिपत्रके घरोघर पाठवत. मे १७९७मध्ये रिचमंड येथील ग्रँड ज्युरीने (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) व्हर्जिनियाचे सदस्य सॅम्युअल कॅबेल यांच्या अशा पत्रांवर ठपका ठेवला, कारण त्यांत सरकारवर टीका होती. तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष असलेले टॉमस जेफर्सन यांनी याविरुद्ध व्हर्जिनियाच्या विधिमंडळासाठी अर्ज लिहिला. प्रतिनिधी आणि मतदार यांच्यातील पत्रव्यवहारावर न्यायालयाने डोळा ठेवणे हा नैसर्गिक हक्कांचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कॅबेल यांच्यावर खटला चालला नाही.

आजचा वाद टीकेचा नाही, खर्चाचा आहे. करदात्यांच्या पैशाने पाठवलेले, आमदाराचे हसरे छायाचित्र असलेले पत्रक माहिती देते की प्रचार करते? विद्यमान सदस्याला मिळणारा हा फायदा समोरच्या उमेदवाराला मिळत नाही. अनेक राज्यांनी म्हणूनच निवडणुकीपूर्वी अशा टपालावर मर्यादा घातल्या. सर्वांत कडक पाऊल कॅलिफोर्नियाचे. जून १९८८मध्ये मतदारांनी प्रस्ताव ७३ मंजूर केला आणि सार्वजनिक खर्चाने वार्तापत्र वा सामूहिक टपाल पाठवण्यास बंदी आली. एका महिन्यात दोनशेहून अधिक, जवळपास सारख्याच मजकुराची पत्रे म्हणजे सामूहिक टपाल, अशी व्याख्या आहे. मात्र ही बंदी हातात धरता येईल अशा वस्तूंना लागू होते. ईमेल तिच्या कक्षेत येत नाही. कागदासाठी घडवलेला नियम कागदापुरताच उरला.

समाजमाध्यमांवर प्रश्न आणखी गुंतला. वैयक्तिक खात्यावरून सरकारी माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याने टीकाकाराला त्या खात्यावरून रोखले (‘ब्लॉक’ केले), तर तो अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भंग होतो का? मार्च २०२४मध्ये ‘लिंडके विरुद्ध फ्रीड’ या मिशिगनमधील एका शहर व्यवस्थापकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दोन कसोट्या सांगितल्या: त्या व्यक्तीला शासनाच्या वतीने बोलण्याचा प्रत्यक्ष अधिकार होता का, आणि ते लिहिताना ती तोच अधिकार वापरत असल्याचे दाखवत होती का. त्यामुळे आमदाराने नातवाच्या वाढदिवसाचे छायाचित्र आणि घरपट्टी परताव्याची मुदत एकाच खात्यावर टाकली, तर कोणती नोंद खासगी आणि कोणती सरकारी, हे आता नोंदीगणिक तपासावे लागते.