पार्श्वभूमी : भट्टीआधीचं गणित

हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायला उत्प्रेरक हवा होता. त्यासाठी जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत आल्विन मिताश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो मिश्रणं एकेक करून तापवून पाहिली. १९०९ साली स्वीडनमधल्या गॅलिव्हारेचं लोहखनिज कामाचं निघालं. शुद्ध लोखंड मात्र ढिम्म हलेना. खनिजातली भेसळच उपयोगी होती. पुढची कित्येक दशकं नवा पदार्थ शोधायची रीत साधारण हीच राहिली.

पदार्थ कसा वागेल हे भट्टी न पेटवता कागदावर सोडवता येईल, एवढं इलेक्ट्रॉनचं वागणं सांगणाऱ्या श्रोडिंजरच्या १९२६ च्या समीकरणानंतर कळलं होतं. पण ते सुटणार कसं? लोखंडाच्या एका अणूत २६ इलेक्ट्रॉन. प्रत्येकाच्या जागेचे तीन निर्देशांक धरले की ७८ चलांचा गुंता, तोही एकाच अणूचा. १९६४ मध्ये पिएर होएनबर्ग आणि वॉल्टर कोन यांनी दाखवलं, की एकेका इलेक्ट्रॉनच्या मागे लागायची गरज नाही; कुठल्या जागी त्यांची किती दाटी आहे हे कळलं, की त्यावरून पदार्थाची किमान ऊर्जा ठरते. चल उरले तीन. पुढच्याच वर्षी कोन आणि लू शॅम यांनी याला हिशेबात बसेल असं रूप दिलं. कोन हाडाचा भौतिकशास्त्रज्ञ, पण १९९८ चं नोबेल त्याला मिळालं रसायनशास्त्रात!

गणित हाती आलं, तरी अणूंची मांडणी ठाऊक हवी. ती दशकानुदशकं एक्स-किरणांनी तपासलेल्या स्फटिकांच्या शोधनिबंधांत विखुरलेली होती. असेंद्रिय स्फटिकांच्या या नोंदी जर्मनीत १९७८ पासून आयसीएसडी या संग्रहात गोळा होऊ लागल्या. हा संग्रह वापरायला पैसे मोजावे लागतात. आजच्या मोफत भांडारांचा पाया बऱ्याच अंशी याच कुलूपबंद संग्रहातल्या मांडण्यांवर उभा आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

२४ जून २०११ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा यांनी पिट्सबर्गमध्ये ‘मटेरियल्स जीनोम इनिशिएटिव्ह’ जाहीर केला. नवा पदार्थ बाजारात यायला लागणारा वेळ निम्म्यावर आणायचा, हा हेतू. त्याच वर्षी क्रिस्टिन पर्सन आणि गर्ब्रांड सेडर यांचा ‘मटेरियल्स प्रोजेक्ट’ सुरू झाला. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या महासंगणकांवर एकाच पद्धतीने केलेले हिशेब कुणालाही फुकट पाहता येऊ लागले. माझ्या मते खरं वळण हेच. तोवर प्रत्येक प्रयोगशाळा तेच हिशेब आपापल्या वहीत पुन्हा करत होती, आणि दोन वह्यांतले आकडे एकमेकांशी ताडताही येत नव्हते. आज तिथे दीड लाखाहून जास्त पदार्थ आहेत.

साठा एकसारखा असल्यामुळेच तो यंत्राला शिकवायला चालला. त्यावर शिकलेल्या गूगल डीपमाइंडच्या ‘नोम’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने नोव्हेंबर २०२३ मध्ये २२ लाख नव्या स्फटिकरचना सुचवल्या, त्यांतल्या ३,८०,००० स्थिर ठरतील असा अंदाज होता. सोबतच बर्कलेच्या ‘ए-लॅब’ या यंत्रचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ संयुगं बनवल्याचा दावा केला.

त्यावर रॉबर्ट पॅलग्रेव्ह, लेस्ली शूप आदी रसायनशास्त्रज्ञांनी हरकत घेतली. असे हिशेब निरपेक्ष शून्य तापमानाचे, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसचे. त्यांत प्रत्येक अणू आपल्या ठरलेल्या जागी. भट्टीत मात्र दोन धातू एकमेकांच्या जागा सर्रास वाटून घेतात. त्यांच्या मते ए-लॅबच्या यादीतले बरेचसे पदार्थ अशी सरमिसळ झालेले आणि आधीपासून माहीत असलेलेच होते. नवीन एकही नव्हता.