लघुमार्ग रेल्वेवरील दगडवाहतूक

खाणीतला दगड कमी लांबीच्या, स्वतंत्र मालकीच्या रेल्वेने मुख्य मार्गावरील हस्तांतरण-यार्डापर्यंत (जेथे वाघिणी मोठ्या रेल्वेकडे सोपवल्या जातात) नेण्याच्या व्यवसायाला लघुमार्ग दगडवाहतूक म्हणता येईल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा रेल्वेस ‘शॉर्ट लाइन’ हे नाव रूढ असून, वार्षिक उत्पन्नावर आधारलेल्या सरकारी वर्गवारीत ती बहुधा तिसऱ्या वर्गात मोडते.

त्या देशातील अगदी आरंभीच्या रेल्वेमार्गांपैकी एक दगडासाठीच बांधला गेला. मॅसॅचूसेट्समधील क्विन्सी येथे बंकर हिल स्मारकाचा ग्रॅनाइट खाणीतून नेपॉन्सेट नदीच्या धक्क्यावर आणण्यासाठी ग्रिडली ब्रायंट या अभियंत्याने सुमारे ३ मैलांची ‘ग्रॅनाइट रेल्वे’ उभारली. १८२६ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा गाड्या घोडे ओढत असत.

दगड स्वस्त आणि जड असतो, आणि या वाहतुकीतील बहुतेक अडचणी या दोन गोष्टींतूनच उद्भवतात. खडीने वाघीण काठोकाठ भरण्याच्या कितीतरी आधी वजनाची मर्यादा गाठली जाते. म्हणून खडीसाठी आखूड, तळातून रिकाम्या होणाऱ्या वाघिणी सोयीच्या ठरतात. पावसात भिजलेली खडी मोजमापाने तेवढीच दिसली तरी काट्यावर जड भरते, त्यामुळे लोडर चालवणाऱ्याच्या नुसत्या अंदाजावर विसंबून चालत नाही. ग्रॅनाइट किंवा संगमरवराचे मोठे ठोकळे मात्र सपाट किंवा बुटक्या कडांच्या उघड्या वाघिणींवर लाकडी ओंडक्यांच्या आधाराने, भार वाघिणीखालच्या दोन्ही बोगींवर (चाकांच्या सांगाड्यांवर) सारखा पडेल असे बसवले जातात.

खाण पुष्कळदा उंचावर असते. अशा मार्गावर रिकाम्या वाघिणी चढतात आणि भरलेल्या उतरतात. इंजिनाच्या दृष्टीने ही सोय असली, तरी ब्रेकच्या दृष्टीने तीच कसोटी ठरते. तीव्र उतारापूर्वी गाडी थांबवून कर्मचारी वाघिणींवरील ‘रिटेनर’ झडपा हाताने फिरवतात. त्यामुळे ब्रेकच्या मुख्य हवानळीत हवा पुन्हा भरली जात असताना ब्रेक-सिलिंडरमधील दाब पूर्णपणे सुटत नाही. उतार संपला की त्या पूर्ववत कराव्या लागतात, आणि त्यात वेळ जातो.

जवळच्या बांधकामाला खडी पोहोचवण्यात ट्रकच सहसा परवडतो. खाणीजवळ माल चढवून पुन्हा दुसरीकडे उतरवण्याचा रेल्वेचा खर्च लांब पल्ल्यावरच भरून निघतो. रेल्वेवरील सरकारी नियंत्रण सैल करणाऱ्या १९८० च्या स्टॅगर्स कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना तोट्यातील शाखा विकणे सुलभ झाले आणि लघुमार्गांची संख्या वाढली, परंतु त्यांच्या वाट्याला आलेले रूळ व पूल बरेचदा जुने होते. मुख्य मार्गांवर आज २,८६,००० पौंड एकूण वजनाची वाघीण सर्रास चालते. पूर्वीची मर्यादा २,६३,००० पौंड होती. ज्या शाखेचा एखादा पूल हा वाढीव भार पेलत नाही, तेथे प्रत्येक वाघीण मुद्दाम कमी भरावी लागते आणि टनामागील खर्च वाढतो.

सर्वांत खालच्या दर्जाच्या रुळांवर मालगाडीचा वेग ताशी १० मैलांपुरताच मर्यादित असतो. संघराज्याच्या नियमानुसार गाडीवरील कर्मचाऱ्यांना सलग १२ तासांहून अधिक काम करता येत नाही. त्यामुळे शंटिंग, वजन, ब्रेक-तपासणी आणि यार्डात वाघिणींची देवाणघेवाण धरून दिवसातून एकच फेरी पूर्ण होणे हे अशा मार्गांवर असामान्य नाही.