तारायानाचं आकारमान आणि वस्तुमान : एका जुन्या गणिताची पार्श्वभूमी

जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या बहुतेक मुलांनी पाहिलेली असते. डब्यावरची सुरई उचलली की गाडी थांबते. गेल्या दिवाळीत भाचा तिच्यापुढे बराच वेळ रेंगाळला. तो वहीत एका तारायानाची गोष्ट लिहितो आहे. यान पाच किलोमीटर लांब, आणि शत्रू दिसताच गर्रकन वळणारं. "मामा, ही गाडी खऱ्या रेल्वेएवढी केली तर अशीच पटकन थांबेल?"

नाही थांबणार. त्यामागचं गणित गॅलिलिओनं १६३८ साली मांडलं. वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की पृष्ठफळ चौपट होतं, घनफळ मात्र आठपट. तुळईची ताकद तिच्या जाडीवर ठरते आणि भार तिच्याहून वेगानं वाढतो. त्याच राजवाड्यात झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले असं सांगतात. भार पेलेल का, हीच ती धास्ती.

यान दुप्पट केलं तर इंजिनांच्या तोंडांचं क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे जोर चौपट. वस्तुमान आठपट. त्वरण निम्म्यावर येतं. वळताना तर आणखी हाल: टोकाला लावलेल्या इंजिनांचा पीळ, म्हणजे यान फिरवण्याची ताकद, आठपट वाढतो, पण वळायला होणारा विरोध बत्तीसपट. तेवढंच वळण घ्यायला दुप्पट वेळ लागतो. अंतराळात वजन जाणवत नाही म्हणून हे सुटत नाही, कारण वस्तुमान तिथंही तेवढंच असतं.

सुरुवातीच्या लेखकांनी हा हिशेब टाळला. ज्यूल व्हर्ननं १८६५ मध्ये कादंबरीत माणसं तोफेतून चंद्राकडे धाडली. त्या धक्क्यात आतलं कुणीच वाचलं नसतं. एच. जी. वेल्सनं १९०१ मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थच कल्पिला.

खरं वळण आलं ते १९०३ मध्ये, रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीच्या रॉकेटच्या सूत्रानं. मला हे सूत्र फार सुंदर वाटतं. यानाचा अंतिम वेग एकूण वस्तुमानावर नाही, तर भरलेल्या आणि रिकाम्या यानाच्या गुणोत्तरावर ठरतो. मागून निघणाऱ्या वायूइतका वेग हवा असेल तर रिकाम्या यानाच्या १.७ पट इंधन लागतं. दुप्पट वेगाला ६.४ पट, तिप्पट वेगाला १९ पट. म्हणजे अवाढव्य यानसुद्धा वेगवान होऊ शकतं, फक्त ते चपळ राहत नाही. कथा लिहिणारे या दोन गोष्टींत नेहमी गल्लत करतात.

ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीनं १९७३ ते १९७८ या काळात 'डेडालस' हे यान कागदावर उतरवलं, तेव्हा आकडे उघडे पडले. एकूण सुमारे ५४,००० टन, त्यात ५०,००० टन इंधन. वेग प्रकाशाच्या १२ टक्के. एवढं करून ज्याच्याकडे जायचं त्या बर्नार्डच्या ताऱ्यापाशी ते थांबणार नव्हतंच. थांबायला लागणारं इंधनही आधी वाहून न्यावं लागलं असतं.

'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेनं १९६६ पासून दुसरी वाट धरली. २८९ मीटरचं यान, आणि भोवतालचं अवकाशच वाकवणारं इंजिन.

भाच्याला ती वाट नको आहे. यान त्यानं आखूडही केलं नाही. वळायला आधीपासून सुरुवात करावी लागते, म्हणून टेहळणीला चार छोटी यानं पुढं धाडली आहेत.